डोंगरउतारावरची वाडी

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पावसाळ्याचे चार महिने पाण्याचेच राज्य असते. ढग डोंगरमाथ्याला टेकलेले असतात, ओहोळ आणि नाले दुथडी भरून धावत असतात, आणि कातळाच्या प्रत्येक कपारीतून पाणी झिरपत असते. नाशिक जिल्ह्यातील पेठ, पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा आणि गुजरातेतील कपराडा या डोंगराळ तालुक्यांत वर्षाकाठी सरासरीने दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हा आकडा केवढा मोठा आहे, ते एका साध्या हिशेबाने कळेल. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. एका एकरात सुमारे चार हजार चौरस मीटर जमीन असते. तेव्हा दोन हजार मिलिमीटर पावसात एका एकरावर ८० लाख लिटर पाणी पडते!

आणि तरीही चैत्र-वैशाखात याच भागातील स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या झऱ्याकडे जाताना दिसतात. विहिरीचा तळ उघडा पडतो. गुरे सावली शोधीत फिरतात. ज्या भूमीवर आकाशाने एवढे पाणी ओतले, ती सहा महिन्यांत तहानलेली कशी? ते ८० लाख लिटर पाणी गेले तरी कोठे?

याचे उत्तर नदीपाशी सापडते. दमणगंगा ही या प्रदेशाची एक प्रमुख नदी. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबेगावाजवळ ती उगम पावते, सुमारे १३१ किलोमीटरांचा प्रवास करते, आणि दमण येथे अरबी समुद्राला मिळते. मोखाडा-जव्हारच्या डोंगरांतून येणारी वाघ नदी तिला येऊन मिळते. अशा लहानमोठ्या कितीतरी प्रवाहांचे पाणी दमणगंगेत येते. ज्या जमिनीवर पडलेल्या पावसाचे पाणी अखेर एकाच प्रवाहात येते, त्या सर्व जमिनीला त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. घराच्या कौलांवरचे पाणी जसे एका पन्हळीत गोळा होते, तसेच हे होय.

डोंगर उघडा असला, की उतारावर पडलेले पाणी थांबत नाही. खाली काळा खडक, वर मातीचा पातळसा थर. पाणी मुरण्यास त्याला उसंत हवी. पण झाडे नसतील, गवत नसेल, बांध नसेल, तर त्याला अडवणार कोण? ते धावत सुटते, आणि जाताना रिकाम्या हाती जात नाही. शेताची माती ते बरोबर घेऊन जाते. बोटभर जाडीची माती तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. ती वाहून जाण्यास काही मुसळधार पाऊस पुरतात. वरच्या शेतकऱ्याची ही माती खाली मधुबन धरणाच्या जलाशयाकडे जाते आणि तेथे तिला गाळ हे नाव मिळते. शेतात जी संपत्ती होती, तीच धरणात अडचण होऊन बसते. म्हणून डोंगरमाथ्यावरच्या शेतकऱ्याचे नुकसान हे त्याचे एकट्याचे नुकसान नव्हे. धरणाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या खालच्या गावांचे आणि शहरांचेही ते नुकसान आहे.

आता या उतारावर राहणाऱ्या माणसांकडे पाहू. येथे वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे. सखल खाचरांत भात आणि वरकस जमिनीवर नाचणी व वरई ही त्यांची पिके. भाताची व नाचणीची रोपे करण्यापूर्वी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून ते जाळावयाचे, यास राब भाजणे म्हणतात. कष्ट फार, पण जमीन थोडी आणि माती पातळ. दिवाळीच्या सुमारास धान्य घरात येते. ते अनेक घरांत वर्षभर पुरत नाही. मग वसई, भिवंडी, कल्याण या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आईबाप निघाले, की त्यांच्याबरोबर मुलेही निघतात. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचे नाव असते. बाकावर ती नसतात. पावसाच्या तोंडाशी कुटुंब परत येते, तेव्हा शाळेचे वर्ष संपून गेलेले असते.

कोणी म्हणेल, ‘उतार उघडे आहेत, तर तेथे झाडे लावावीत. एवढे सोपे काम हे लोक का करीत नाहीत?’ हे म्हणणे वरवर बरोबर वाटते. परंतु ज्याने हे लोक जवळून पाहिले आहेत, तो असे म्हणणार नाही. झाडाचे मोल त्यांना कोणी शिकवावयास नको. मोहाची फुले, टोळाचे तेल, पळसाची पाने, सागाची वळई, बांबूच्या टोपल्या यांवर त्यांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अडचण वेगळीच आहे. आंब्याचे कलम लावले, तर त्याला बेताचे फळ धरण्यास चार-पाच वर्षे जावी लागतात. झाडाजवळ धीर असतो. भुकेजवळ तो नसतो. शिवाय कोवळ्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावे लागते, आणि उन्हाळ्यातच तर घराला कुलूप असते. मग पाणी घालावे कोणी? गुरांपासून आणि वणव्यापासून रोप राखावे कोणी? माणूस गावात राहील तर झाड जगेल. आणि झाड जगेल, फळेल, तर माणूस गावात राहील. एवढ्या एका गाठीत सारा प्रश्न अडकून पडला होता.

ही गाठ सोडविण्याचा एक यशस्वी प्रयत्न मणिभाई देसाई आणि त्यांचे सहकारी यांनी केला. मणिभाई मूळचे सुरत जिल्ह्यातले. १९४६ साली महात्मा गांधी पुण्याजवळील उरुळी कांचन येथे आले, तेव्हा मणिभाई त्यांच्याबरोबर होते. तेथील निसर्गोपचार आश्रमाचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि ते गाव हीच आपली कर्मभूमी मानली. १९६७ साली त्यांनी ‘बाएफ’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन केली. शेती व पशुपालन यांतील शास्त्रीय ज्ञान गरीब शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेणे, हे तिचे उद्दिष्ट होते. १९८२ साली मणिभाईंना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी दक्षिण गुजरातेतील वांसदा या आदिवासी भागात संस्थेने एक नवा उपक्रम हाती घेतला. त्याचे नाव अगदी घरगुती होते : ‘वाडी’.

वाडी हा शब्द आपणांस नवा नाही. कोकणात आणि गोव्यात घराभोवतीच्या नारळ-पोफळींच्या बागेला वाडी किंवा कुळागर म्हणतात. परंतु डोंगरउतारावरच्या या वाडीत केवळ फळबाग नसते. तीत फळझाड, रानझाड, धान्य आणि कुंपण अशी सर्वांची एकत्र मांडणी असते. अशा मांडणीला कृषिवानिकी म्हणतात. म्हणजे शेती आणि वन यांचा एकाच शेतात चालणारा संसार.

ही मांडणी कशी असते, ते पाहा. एका कुटुंबाने आपली सुमारे एक एकर वरकस जमीन निवडावयाची. आंब्याच्या दोन झाडांमध्ये दहा मीटर आणि काजूच्या दोन झाडांमध्ये सात मीटर अंतर ठेवले, तर त्या जमिनीत २० आंबे आणि ४० काजू बसतात. भर उन्हाळ्यात खड्डे खणून ठेवावयाचे, म्हणजे उन्हाने आतील किडी व त्यांची अंडी नष्ट होतात. मग वरची सुपीक माती व शेणखत यांनी ते भरावयाचे आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की कलमे लावावयाची. काजूचे झाड मूळचे ब्राझील देशातले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते आपल्याकडे आणले. हलक्या, मुरमाड उतारावरही ते तग धरते, म्हणून या कामी ते फार उपयोगी पडले.

वाडीच्या कडेने दाट ओळीत बांबू, साग, गिरिपुष्प अशी झाडे लावतात. ही झाडे म्हणजे वाडीची तटबंदी होय. ती गुरांना अडवितात, वाऱ्याचा जोर मोडतात, सरपण आणि चारा देतात. गिरिपुष्प शेंगावर्गातील असल्यामुळे त्याच्या मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात. म्हणून त्याचा पाला जमिनीत गाडला, की उत्तम खत होते. ज्या घराच्या कडेला असा पाला व सरपण तयार होते, त्या घराला रानातली झाडे तोडावयास जाण्याची गरज कमी पडते.

परंतु वाडीचे खरे शहाणपण तिच्या झाडांत नाही. ते तिच्या वेळापत्रकात आहे. कुटुंबाची भूक रोजची असते. त्या भुकेला पाच वर्षे थांब म्हणून सांगता येत नाही. म्हणून वाडीत लवकर पिकणारे आणि उशिरा पिकणारे यांची सांगड घातलेली असते. पहिल्याच पावसाळ्यात कलमांच्या मधल्या मोकळ्या जागेत नाचणी, उडीद, खुरासणी अशी पिके घेतात. त्यांना आंतरपिके म्हणतात. ती घरात त्याच वर्षी येतात. जेथे थोडे पाणी आहे, तेथे भाजीपाला होतो. तो आठवड्याच्या बाजारात विकला जातो. जव्हार, विक्रमगड, मोखाडा या भागांत अनेक कुटुंबांनी मोगरा लावला आहे. पहाटे अंधार असतानाच कळ्या खुडावयाच्या आणि त्या मुंबईच्या दादर बाजाराकडे रवाना करावयाच्या. त्यामुळे हंगामात रोजच्या रोज पैसा हाती येतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून काजू येऊ लागतो. पाचव्या वर्षाच्या सुमारास आंबा फळतो. त्याच वेळी कडेचा बांबू तोडणीस येऊ लागतो. आणि साग? तो पंचवीस-तीस वर्षांनी उपयोगी पडावयाचा. म्हणजे आज खड्डा खणणाऱ्या माणसाच्या नातवंडांसाठी.

अशा रीतीने रोजचे, महिन्याचे, वर्षाचे आणि पिढीचे असे चार प्रकारचे उत्पन्न एका एकरात एकमेकांच्या शेजारी वाढत असते. पहिले दुसऱ्याची वाट सोपी करते. मोगऱ्याचा व भाजीचा पैसा हातात आहे, म्हणून कुटुंब काजूची वाट पाहू शकते. काजू आला, म्हणून सागावर अवेळी कुऱ्हाड पडत नाही.

तरीही पहिली दोन-तीन वर्षे कसोटीचीच असतात. या काळात कुटुंबांना रोपे, खते आणि खड्डे, बांध यांच्या कामासाठी मदत देण्यात आली. शेजारच्या काही कुटुंबांचे गट करून त्यांनी एकमेकांच्या शेतावर काम करावे, अशी योजना झाली. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असे, तेव्हा रोपाजवळ मातीचे मडके पुरून ते भरून ठेवीत. मडक्यातून पाणी हळूहळू झिरपते आणि मुळांशी ओल राहते. थेंबही वाया जात नाही. डोक्यावरून हंडे वाहून ही मडकी भरण्याचे कष्ट मुख्यत्वे घरातील स्त्रियांनी सोसले. आज वाडीत बहरलेला आंबा पाहताना त्या हंड्यांचा विसर पडू नये.

झाडांच्या जोडीला पाणी अडविण्याचे कामही चालते. ते नेहमी माथ्यापासून पायथ्याकडे करावे लागते. वरून येणाऱ्या पाण्याचा वेग आधी मोडला नाही, तर खाली घातलेला बांध टिकत नाही. म्हणून माथ्यावर समान उंचीच्या रेषेत चर खणतात. त्यांना समतल चर म्हणतात. त्याखाली शेतांना बांध घालतात, घळींत दगड रचून ताली घालतात, आणि पावसाळा संपता संपता ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारा उभारतात. त्याला वनराई बंधारा म्हणतात. धावणारे पाणी चालू लागते, चालणारे थांबते आणि थांबलेले मुरते. मुरलेले पाणी खालच्या झऱ्यांत व विहिरींत उशिरापर्यंत टिकते. तेच पाणी मोगऱ्याला आणि कलमांना मिळते.

या विचाराला हळूहळू शासनाचेही पाठबळ मिळाले. १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली. दुसऱ्याच्या कामावर मिळणारी मजुरी आता शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात खड्डे खणून मिळू लागली. नाबार्ड या राष्ट्रीय बँकेने जर्मन विकास बँकेच्या साहाय्याने वाडीचा कार्यक्रम आधी गुजरातेत व नंतर महाराष्ट्रात वाढविला. पुढे देशातील अनेक राज्यांच्या आदिवासी भागांत तो पोहोचला. २००६ साली वनहक्क कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन आपल्या नावावर करून मागण्याचा अधिकार त्यामुळे आदिवासींना मिळाला. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण जी जमीन उद्या आपल्याकडे राहील की नाही याची शाश्वती नाही, तिच्यात पंचवीस वर्षांनी वाढणारा साग कोण लावील? २०१४ साली भारताने राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण स्वीकारले. २०१७ साली वनाबाहेर वाढणारा बांबू कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे शेतकऱ्याला आपल्या शेतातला बांबू तोडणे व विकणे सुलभ झाले.

पीक आले म्हणजे सर्व झाले, असेही नाही. बाजारात एकटा शेतकरी दुबळा ठरतो. व्यापारी काजूची बी स्वस्तात घेतो आणि तिचाच गर महाग विकतो. वांसद्याच्या शेतकऱ्यांनी हे ओळखले. त्यांनी ‘वसुंधरा’ ही सहकारी संस्था काढली, काजू फोडण्याचा व आंब्याचे लोणचे घालण्याचा उद्योग सुरू केला, आणि आपला माल ‘वृंदावन’ या नावाने बाजारात आणला. ज्या गावांतून लोक कामासाठी बाहेर जात, त्या गावांत काम निर्माण झाले.

वाडी हा काही जादूचा दिवा नव्हे. अवेळी पाऊस आला, तर आंब्याचा मोहोर गळतो. काजूच्या पालवीवर ढेकण्या पडतो. एका निष्काळजी हाताने टाकलेल्या विडीतून वणवा पेटतो आणि चार वर्षांचे कष्ट एका दुपारी राख होतात. सर्वांनी एकच फळ लावले, तर भाव कोसळतो. जेथे पाणी मुळीच टिकत नाही, तेथे मोगरा लावून भागत नाही. म्हणून जाणता शेतकरी आपले सारे भवितव्य एका झाडाला टांगून ठेवीत नाही. एका वर्षी आंबा रुसला, तर काजू हात देतो. दोन्ही रुसले, तर नाचणी आणि बांबू असतात. विविधता हीच गरिबाची तिजोरी होय.

डोंगरउतारावरचे पाणी, माती, झाड आणि माणूस यांचे भवितव्य एकमेकांत गुंतलेले आहे. यांपैकी एकालाच वाचवू म्हटले, तर कोणीच वाचत नाही. वाडीने ही चारही एका कुंपणात आणली. जेथे अशा वाड्या रुजल्या, तेथे दिवाळीनंतर गाव सोडून जाणाऱ्यांची संख्या घटली. ज्या घराला कुलूप लागत नाही, त्या घरातील मूल चैत्रातही शाळेच्या बाकावर दिसते. काजूच्या आणि आंब्याच्या मोलाहून हे मोल निःसंशय अधिक आहे.

शब्दार्थ

उसंत – सवड, फुरसत. वरकस जमीन – डोंगरउतारावरची हलकी जमीन. खाचर – भात लावण्यासाठी बांध घालून केलेले सखल शेत. गत्यंतर – दुसरा उपाय. टोळ – मोहाचे फळ. त्याच्या बियांचे तेल काढतात. वळई – वासा, लांब सरळ लाकूड. ताल – घळीत दगड रचून घातलेला बांध. तग धरणे – टिकून राहणे. ढेकण्या – काजूच्या पालवीतील रस शोषणारी कीड. शाश्वती – खात्री.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दमणगंगा कोठे उगम पावते आणि कोठे समुद्राला मिळते?
(आ) पाणलोट क्षेत्र कशाला म्हणतात?
(इ) आंतरपिके म्हणजे काय?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) भरपूर पाऊस पडूनही जव्हार-पेठ भागात उन्हाळ्यात पाणीटंचाई का होते?
(आ) पाणी अडविण्याचे काम माथ्यापासून पायथ्याकडे का करावे लागते?
(इ) जमिनीचा हक्क आणि झाडांची लागवड यांचा संबंध कसा आहे?

३. ‘झाडाजवळ धीर असतो, भुकेजवळ तो नसतो.’ या वाक्याचा अर्थ सांगून, ही अडचण वाडीने कशी दूर केली ते आठ-दहा ओळींत लिहा.

४. हिशेब करा. आंब्याच्या एका झाडाला १० मीटर × १० मीटर आणि काजूच्या एका झाडाला ७ मीटर × ७ मीटर जागा लागते. २० आंबे व ४० काजू यांना एकूण किती चौरस मीटर जागा लागेल? एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. किती जागा उरेल?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : दुथडी भरून वाहणे, सांगड घालणे, तग धरणे, हात देणे.

६. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा : डोंगरउतार, आईबाप, पाणीटंचाई, लहानमोठे.

७. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा परिसरातील पावसाचे पाणी कोणत्या ओढ्याला आणि पुढे कोणत्या नदीला मिळते, याचा वडीलधाऱ्यांना विचारून शोध घ्या व त्याचा नकाशा काढा. त्या वाटेवर पाणी कोठे थांबते आणि माती कोठे वाहून जाते, ते नकाशात दाखवा.